शेवटची गाडी किती वाजता?

२ नोव्हेंबर २०२५ चा तो रविवार मुंबईच्या उपनगरांतली पुष्कळ कुटुंबे सहजासहजी विसरणार नाहीत. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सामना दुपारी तीनला सुरू व्हायचा. पण पावसाने दोन तास खोळंबा केला आणि पहिला चेंडू पडायला पाच वाजले. शफाली वर्माने ८७ धावा काढल्या, भारताच्या २९८ झाल्या. मग दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वूल्व्हार्ट शतक ठोकून वाट अडवून उभी राहिली. दीप्ती शर्माने पाच गडी टिपले आणि शेवटचा झेल हरमनप्रीत कौरच्या हातात विसावला, तेव्हा घड्याळाचे काटे बारावर येऊन ठेपले होते. भारत ५२ धावांनी विजयी! जवळजवळ चाळीस हजार माणसे आनंदाने बेभान झाली.

आणि त्याच घटकेला त्यांतल्या कित्येकांच्या मनात दुसराच एक प्रश्न डोकावला असेल, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तो प्रश्न असा, की शेवटची गाडी किती वाजता?

आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलगा मॅचला निघाला, तर आई विचारते, “तिकीट मिळालं का रे?” मुलगी निघाली, तर विचारते, “परत कशी येणार गं?” त्या स्टेडियमवर तीनच दिवस आधी, उपांत्य सामन्यात, जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवले होते. ही जेमिमा मूळची भांडुपची; म्हणजे मुलुंड आणि घाटकोपर यांच्या मधल्या टापूतली. मुलीला खेळायला पाठवणारी घरे आपल्या शेजारी आहेत. मग मुलीला खेळ बघायला पाठवायला हरकत ती कसली? हरकत खेळाची नसते, परतीच्या वाटेची असते. पण आईचा तो प्रश्न नुसत्या काळजीने सुटत नाही आणि “काही होत नाही गं!” या उत्तरानेही सुटत नाही. तो सुटतो वेळापत्रकाने. दिवाळी सरली की जानेवारीत मॅरेथॉन येते आणि उन्हाळ्याबरोबर रात्रीचे क्रिकेट येते. तेव्हा फराळाचे ताट समोर आहे तोवरच हा हिशेब मांडून ठेवलेला बरा.

मैदान एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला

मुंबईची मोठी मैदाने दक्षिणेच्या टोकाला का, याचे उत्तर इतिहासात आहे. चर्चगेटजवळ समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३७ साली ब्रेबोर्न स्टेडियम उभे राहिले. त्या वेळी शहर म्हणजे माहीम-शीवपर्यंतचा मुलूख. अंधेरी-घाटकोपर मुंबईच्या हद्दीत आले १९५० साली, आणि बोरिवली-मुलुंड आले १९५७ साली. पुढे १९७४ मध्ये वानखेडे स्टेडियम बांधले, तेही ब्रेबोर्नपासून हाकेच्या अंतरावर. मैदाने जागच्या जागी राहिली. माणसे मात्र जागेच्या शोधात उत्तरेकडे सरकत गेली. आज चर्चगेटपासून अंधेरी सुमारे २२ किलोमीटर आहे आणि बोरिवली ३४. बोरीबंदरपासून, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, घाटकोपर सुमारे २० आणि मुलुंड ३१-३२ किलोमीटर.

एवढा पल्ला रात्री टॅक्सीने तोडणे चौघांच्या कुटुंबाला परवडत नाही, आणि मॅच सुटल्यावर टॅक्सी मिळेल याची खात्रीही नसते. सारांश, उपनगरातल्या माणसाचा खेळ सुरू होतो गाडीने आणि संपतो तोही गाडीनेच.

आता मौज पाहा. मुंबई कधी झोपत नाही असे आपण पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगतो. पण मुंबईची लोकल झोपते. रात्री एकच्या आसपास ती डोळे मिटते आणि पहाटे साडेतीन-चारच्या पुढेमागे जागी होते. जेमतेम तीन तासांची ही झोप. एरवी तिच्याशी आपला काही संबंध येत नाही. पण रात्रीचा सामना या झोपेला एका बाजूने येऊन भिडतो आणि मॅरेथॉन दुसऱ्या बाजूने. खेळाच्या दिवशी ज्यांची फजिती होते, त्यांतल्या बहुतेकांची फजिती या तीन तासांच्या काठावरच होते.

वानखेडेवरची रात्र

आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो. सरळ गेला तर सव्वाअकरा-साडेअकरापर्यंत आटोपतो. सुपर ओव्हर झाली किंवा पाऊस आला, तर तो कुठवर लांबेल याचा नेम नाही. नेरूळच्या अंतिम सामन्याने हेच शिकवले. तेव्हा बेत करताना सामना संपण्याची छापील वेळ धरू नये. तीत दीड तास मिळवावा आणि तरीही आपल्याला गाडी मिळते का, ते पाहावे.

वानखेडेवर सुमारे ३३ हजार माणसे बसतात. सगळेच काही लोकलने जात नाहीत. पण निम्मे धरले तरी सोळा हजारांवर झाले. बारा डब्यांच्या गाडीत बसायच्या जागा असतात हजार-बाराशे. म्हणजे या सर्वांना बसून जायचे म्हटले, तर चौदा गाड्या हव्यात! उभ्याने, दाटीने जाणारे धरले तर कमी गाड्यांत भागेल. परंतु त्या वेळी गाड्या सकाळसारख्या तीन-तीन चार-चार मिनिटांनी सुटत नसतात. म्हणून सामना सुटल्यानंतरची पहिली वीस मिनिटे ही सगळ्यात वाईट. नेमकी त्याच वेळी सारी मंडळी धावत सुटतात.

इथे पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या माणसाचे गणित वेगळे होते. चर्चगेटहून शेवटची गाडी एकच्या सुमारास असते. साडेअकराला सामना संपला, तर अंधेरी-बोरिवलीच्या माणसाजवळ चांगला सव्वा तास शिल्लक आहे. त्याने जागेवरच बसून राहावे. बक्षीस समारंभ पाहावा, मुलांना मैदान डोळे भरून पाहू द्यावे, आणि गर्दीची पहिली लाट ओसरली की सावकाश चर्चगेटची वाट धरावी. मरीन लाइन्स स्टेशन काही दरवाजांना जवळ पडते खरे, पण गाडी तिथे भरून येते. मूल बरोबर असेल किंवा आजी बरोबर असतील, तर चार पावले जास्त चालून चर्चगेटच गाठावे. तिथे गाडी रिकामी उभी असते.

मुलुंड-घाटकोपरच्या माणसाला ही चैन परवडणारी नाही. त्याची शेवटची गाडी पश्चिमेच्या मानाने लवकर सुटते. मध्यरात्र उलटून फार वेळ झालेला नसतो तोच ती बोरीबंदर सोडते. वानखेडेपासून बोरीबंदर चालत वीस-पंचवीस मिनिटे. गर्दीत ती पस्तीस होतात. दरवाजातून बाहेर पडायलाच पंधरा-वीस मिनिटे गेली, तर बारा वाजून गेलेच म्हणून समजा. दुसरी वाट दादरची. चर्चगेटहून पश्चिमेच्या गाडीने दादर गाठायचे आणि पूल ओलांडून मध्य रेल्वेची गाडी पकडायची. या वाटेने बसायला जागा मिळण्याचा संभव जास्त. पण दोन गाड्यांची वेळ जुळली पाहिजे. एक चुकली की पुढची असेलच असे नाही.

म्हणून सोपा नियम सांगतो. पश्चिमेकडच्याने थांबावे, पूर्वेकडच्याने निघावे. शेवटची दोन षटके सोडून उठणे जिवावर येते, हे मलाही मान्य आहे. पण दादरच्या फलाटावर पहाटेपर्यंत बाकावर बसून राहण्यापेक्षा शेवटचा षटकार फोनवर पाहिलेला पुरवतो.

मेट्रोचे काय, असे कोणी विचारील. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही मेट्रो २०१४ पासून धावते आहे. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. घाटकोपर किंवा अंधेरीहून मरोळ नाक्याला गाडी बदलली की थेट चर्चगेटला वर यावे, इतके ते सोपे झाले आहे. दुपारच्या घामाघुमीतून मुलाबाळांना न्यायला याहून चांगली सोय नाही. मात्र मेट्रो लोकलच्या आधी झोपते. त्या दिवशी वेळ वाढवली असल्याचे जाहीर झाले नसेल, तर मेट्रो जाण्याच्या कामाची धरावी. येण्याच्या कामाची धरू नये.

नेरूळची वाट

नेरूळला मुलुंडकर भाग्यवान. ठाण्यापर्यंत एकच स्टेशन, तिथून नेरूळकडे जाणारी ट्रान्सहार्बरची गाडी. घाटकोपरकराने कुर्ल्याला हार्बरची पनवेल गाडी धरावी. अंधेरीकराने मेट्रोने घाटकोपर गाठून पुढे तीच वाट घ्यावी, किंवा अंधेरीहून हार्बरने वडाळा रोडला येऊन गाडी बदलावी. बोरिवलीकराला मात्र वाट लांबची. त्याला दोन बदल तरी चुकत नाहीत. जितके बदल जास्त, तितकी परतीची हमी कमी, हे लक्षात ठेवावे. चौघांचे कुटुंब असेल, तर बोरिवलीकराने त्या रात्रीपुरता ठाण्याचा किंवा मुलुंडचा एखादा नातेवाईक आठवावा. मामाच्या घरी मुक्काम केल्याने मामाचे प्रेमही वाढते आणि शेवटच्या गाडीचा घोरही मिटतो.

दुसरे म्हणजे वार पाहावा. रविवार हा रेल्वेच्या मेगाब्लॉकचा वार. दुरुस्तीसाठी एखाद्या मार्गावर भर दिवसा काही तास गाड्या बंद ठेवतात किंवा दुसऱ्या रुळांवरून वळवतात. कुठे आणि किती वेळ, ते आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते. सामना रविवारी दुपारी असेल, तर जातानाच अडकण्याची पाळी येते.

बिनतिकिटाचा सोहळा

सामन्याला निदान तिकीट असते. त्यामुळे किती माणसे येणार याचा अंदाज बांधता येतो. विजयाच्या मिरवणुकीला तिकीट नसते, म्हणून तिला मापही नसते. ४ जुलै २०२४ चा गुरुवार आठवा. टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकून आलेला संघ उघड्या बसमधून मरीन ड्राइव्हने वानखेडेकडे निघाला होता. मिरवणूक पाचला निघायची. तिला अडीच तासांवर उशीर झाला, आणि तोवर ऑफिसे सुटून चर्चगेटकडून माणसांचे लोंढे येतच राहिले. आता मरीन ड्राइव्हकडे येऊ नका, असे पोलिसांना सांगावे लागले. गुदमरल्यामुळे आणि लागल्यामुळे काही जणांना इस्पितळात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रस्त्यावर चपला-बुटांचे ढीग पडलेले होते.

त्या रात्री मुंबई थोडक्यात बचावली, असेच म्हटले पाहिजे. पुढल्याच वर्षी, ४ जून २०२५ रोजी, बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अशाच विजयोत्सवात ११ माणसे चेंगरून मेली. आणि मुंबईला स्वतःची आठवण आहेच. २९ सप्टेंबर २०१७ ला, पावसाच्या सरीत, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जणांचे प्राण गेले. तिथे ना सामना होता ना मिरवणूक; अरुंद जिना होता आणि थबकलेली गर्दी होती. खेळाच्या दिवशी धोक्याची जागा बहुधा स्टेडियमच्या आत नसते. ती दरवाजाशी, भुयारी वाटेत आणि स्टेशनच्या जिन्यावर असते.

म्हणून मिरवणुकीला लहान मूल किंवा म्हातारे माणूस नेऊ नये, असे मी निक्षून सांगेन. तरुणांनी जावे, पण आत शिरताना बाहेर पडायची वाट आधी पाहून ठेवावी. छातीवर दाब जाणवू लागला, तर दोन्ही हात छातीपुढे घ्यावेत, लाटेच्या उलट ढकलू नये, तिरके तिरके सरकत कडेला यावे. आणि पायातली चप्पल गेली तर ती जाऊ द्यावी. वाकून चप्पल शोधणारा माणूस गर्दीत पुन्हा उभा राहीलच असे नाही.

मॅरेथॉनची पहाट

आता झोपेच्या दुसऱ्या काठाकडे येऊ. २००४ पासून मुंबईत मॅरेथॉन भरते आणि बरीच वर्षे ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होते आहे. अलीकडे तीत साठ हजारांवर माणसे भाग घेतात. बेचाळीस किलोमीटरचे वीर थोडे. सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये हसत-खेळत, वेषांतरे करून चालणारे उदंड. त्यांत आपल्या सोसायटीतले आजोबाही असतात.

इथे अडचण येण्याची नाही, जाण्याची आहे. अलीकडच्या वर्षांत पूर्ण मॅरेथॉन बोरीबंदरहून पहाटे पाचला सुटते. बोरिवलीहून धीम्या गाडीने चर्चगेट तासाभराचे, मुलुंडहून बोरीबंदरही जवळपास तेवढेच. म्हणजे नेहमीची चारची गाडी धरून गेलात, तर तुम्ही पोचाल तेव्हा शर्यत सुटलेली असेल! यासाठी दोन्ही रेल्वे त्या पहाटे जादा गाड्या सोडतात. पश्चिमेकडे विरारच्या बाजूने आणि मध्य रेल्वेवर कल्याणच्या बाजूने. तीनच्या आगेमागे त्या गाड्या असतात. त्यांच्या वेळा शर्यतीच्या आठवड्यात जाहीर होतात. त्या कागदावर लिहून दाराला चिकटवाव्यात. आठ-आठ महिने पहाटे उठून धावण्याचा सराव केलेल्या माणसाची शर्यत फलाटावर चुकली, तर त्याहून वाईट काय असणार?

आणखी एक खाचखळगा आहे. सगळ्या शर्यती एकाच ठिकाणाहून सुटत नाहीत. अर्धी मॅरेथॉन अलीकडे माहीमहून सुटते आणि बोरीबंदरला संपते. बोरिवली-अंधेरीच्या धावपटूने त्यासाठी चर्चगेटला जाणे म्हणजे घर सोडून पुढे जाणे. मुलुंड-घाटकोपरच्या धावपटूने दादरला गाडी बदलून माहीमला यावे. घरच्या मंडळींनी मात्र माहीमला न जाता शेवटच्या टोकाला, आझाद मैदानाच्या बाजूला, जावे आणि बरोबर एक जोडी सैल चपला न्याव्यात. एकवीस किलोमीटर धावून आलेल्या माणसाला त्या क्षणी पदकापेक्षा चपलांची किंमत जास्त वाटते.

परतीच्या वेळी पाय भरून येतात, जिना चढवत नाही. दुपारच्या मेगाब्लॉकच्या आत घरी निघता आले तर उत्तम. त्या रविवारी ब्लॉक आहे की नाही, ते शनिवारीच पाहून ठेवावे. आणि ज्यांचा शर्यतीशी काडीचाही संबंध नाही, पण त्या रविवारी गिरगावात लग्न आहे किंवा दक्षिण मुंबईतल्या इस्पितळात कोणाला भेटायचे आहे, त्यांनीही ही तारीख डोक्यात ठेवावी. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी हे रस्ते दुपारपर्यंत बंद किंवा वळवलेले असतात आणि बसगाड्याही वेगळ्या वाटेने जातात. गाडीने चर्नी रोड किंवा ग्रँट रोड गाठून पायी जाणारा वऱ्हाडी वेळेवर पोचतो. मोटारीतला वऱ्हाडी मुहूर्तानंतर.

घरातून निघण्यापूर्वी

घरच्या बैठकीत पाच गोष्टी ठरवाव्यात. दहा मिनिटे पुरतात.

पहिली, परतीची गाडी कोणती आणि ती चुकली तर दुसरी कोणती. शेवटची गाडी ही आपली गाडी कधीच धरू नये. तिच्या आधीची धरावी, म्हणजे शेवटची हाताशी राहते.

दुसरी, परतीचे तिकीट जातानाच काढावे. मध्यरात्री तिकिटाच्या रांगेत गेलेली दहा मिनिटे फार महाग पडतात.

तिसरी, चुकामूक झाली तर भेटायचे कुठे. हजारो माणसे एका जागी जमली की फोन लागेनासे होतात. अशा वेळी आपल्या वडिलांच्या पिढीची युक्तीच कामाला येते: चर्चगेटच्या इंडिकेटरखाली किंवा इरॉस सिनेमासमोर. आई-मुली बायकांच्या डब्यात आणि बाप-मुलगे दुसऱ्या डब्यात चढले, तर उतरायचे स्टेशन आणि पुलाची बाजूही आधी ठरलेली असावी.

चौथी, हातात काही नको. पूर्वी पुरीभाजीचा डबा घेऊन ब्रेबोर्नवर दिवस काढता येई. आता पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या दरवाजातच अडवतात आणि त्या ठेवायला जागा नसते. पोटभर जेवून निघावे.

पाचवी, मुली एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर जाणार असतील, तर त्यांनी गटाने एकाच बायकांच्या डब्यात बसावे. रात्रीच्या गाड्यांत त्या डब्यात पहाऱ्याला शिपाई नेमलेला असतो. तो ज्या डब्यात दिसेल तोच डबा धरावा. अडचण आली तर रेल्वेचा १३९ हा नंबर सर्वांच्या फोनमध्ये असू द्यावा. आणि घरच्यांनी स्टेशनवर न्यायला जावे. उपनगरातल्या रात्रीच्या प्रवासात शेवटचा टप्पा रेल्वेचा नसतो. तो स्टेशनपासून घरापर्यंतच्या रिक्षाचा आणि गल्लीचा असतो.

एवढे ठरले, की “परत कशी येणार गं?” या प्रश्नाला मुलगी “काही होत नाही” असे म्हणणार नाही. ती म्हणेल, “बारा-पाचची धरते, ती चुकली तर पुढची आहे. बाबा, तुम्ही पूर्वेच्या तिकीटखिडकीपाशी उभे राहा.” यावर आईला नाही म्हणायला कारण उरत नाही. फार तर ती एवढेच म्हणेल, “मग मलाही एक तिकीट काढ.”